सुट्या भागांचे दुकान

दुकान बंद पडणे ही तशी नित्याचीच घटना. किराणा मालाची, कापडाची, भांड्यांची कितीतरी दुकाने आमच्या डोळ्यांदेखत उघडली आणि मिटली. पाटी उतरली की चार दिवस चुकल्यासारखे वाटते. पुढे त्या जागी उपाहारगृह निघाले की तिथे चहा पिताना आधी काय होते हे आठवेनासेही होते. तेव्हा सातासमुद्रांपलीकडचे एक इंग्रजी दुकान मिटल्याबद्दल बेळगावातल्या एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने, तोही मराठीचा एम. ए., लेख कशाला लिहावा असे कोणाला वाटल्यास नवल नाही. पण ते दुकान रेडिओच्या व तत्सम यंत्रांच्या सुट्या भागांचे होते, आमच्या भाच्यामुळे ते आमच्या घरात सारखे बोलण्यात असे, आणि त्याच्या अखेरच्या विक्रीतली लहान खणांची एक पेटी आज आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे.

दुकानाचे नाव मॅप्लिन. १९७२ साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात रॉजर ॲलन, सँड्रा ॲलन आणि डग सिमन्स या तिघांनी हा धंदा सुरू केला. घरी बसून रेडिओ, ध्वनिवर्धक वगैरे जुळविणाऱ्या हौशी माणसांना लागणारे किरकोळ भाग सहजासहजी मिळत नसत. ते टपालाने पुरवावे एवढीच मूळ कल्पना. पुढे एक दुकान झाले, मग दुसरे, आणि करता करता देशभर दोनशेहून अधिक. त्यांची जाडजूड यादी निघे आणि ती वर्तमानपत्रे-मासिके विकणाऱ्या दुकानांतूनही विकत मिळे. एखाद्या वाण्याने आपल्या मालाची यादी पैसे घेऊन विकावी आणि गिऱ्हाइकांनी ती आवडीने विकत घ्यावी, ही गोष्ट आम्हाला प्रथम ऐकताना थट्टाच वाटली. तिच्या मुखपृष्ठावर अंतराळयानांची चित्रे असत. आत मात्र रेझिस्टर, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, तारा, स्क्रू. प्रत्येकाला अक्षरे आणि अंक मिळून एक खूण. भाचा २००३ साली नोकरीनिमित्त लीड्स शहरी गेला, तेव्हा एका वयस्क सहकाऱ्याने आपल्याजवळच्या जुन्या याद्या त्याला दाखविल्या. लहानपणी आपण ही यादी अंथरुणात घेऊन वाचत असू, असे तो सहकारी म्हणाला. भाच्याने हे आम्हाला फोनवर सांगितले आणि वर म्हणाला, "मामा, तुम्ही कादंबऱ्या वाचत होता ना, तसं."

यात त्याचा किंचित टोमणा होता. खरे म्हणजे त्याला ही खोड लागली ती आमच्याच घरी.

आमच्या शाळकरी वयात, म्हणजे १९८४-८५ च्या सुमारास, खडेबाजारालगतच्या एका बोळात रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. चालवणारे गृहस्थ कानडी; सगळे त्यांना अण्णा म्हणत. फळीवर उघडे पडलेले चार रेडिओ, कायम तापलेली कावीळ, म्हणजे डाग द्यायची सोल्डरिंगची सळई (हे नाव आम्हा पोरांनी तिच्या पिवळ्या मुठीवरून पाडले होते), आणि मागे चहाच्या रिकाम्या डब्यांतून भरलेले भाग. एक बीसी १४८ ट्रान्झिस्टर द्या म्हटले की अण्णांचा हात डब्याकडे जाण्याऐवजी चष्म्याकडे जाई. "कशाला पायजे तुला?" हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर नीट देता आले तरच माल मिळे. मग खिशातला चुरगळलेला आराखडा पुढे करायचा, त्यावर अण्णांनी पेन्सिल फिरवायची, "हा इथं जळंल बघ" म्हणून दुसऱ्या मापाचा रेझिस्टर काढून द्यायचा आणि जुन्याचे पैसे वजा करायचे. आठ आण्यांच्या विक्रीला पाऊण तास. त्या दुकानाच्या जोरावर आम्ही दोन ट्रान्झिस्टरांचा रेडिओ जुळविला आणि कौलांवर तार ताणून रात्री धारवाड आकाशवाणी ऐकली. आवाज मच्छराएवढाच होता. पण तो आम्ही काढला होता.

नंतर आम्ही भाषेकडे वळलो, शिक्षक झालो. रेडिओ माळ्यावर गेला. बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे राहिला तेव्हा तो त्याने खाली काढला, आणि अण्णांच्या दुकानाच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आमच्या सौभाग्यवतींची देव्हाऱ्यातली चिमटी त्या काळात वारंवार नाहीशी होत असे.

अण्णांसारखी दुकाने त्या वेळी जवळपास प्रत्येक शहरात असतील. मुंबईचा लॅमिंग्टन रोड तर अशा दुकानांचाच. तिथे आजही सुटे भाग मिळतात. तिथे एकाची फळी मिटली तरी शेजारची उघडी असते. मॅप्लिनचे तसे नव्हते. दोनशे दुकाने असली तरी मालक एक, हिशेब एक. त्यामुळे एका बुधवारी, २८ फेब्रुवारी २०१८ रोजी, कंपनीचे दिवाळे जाहीर झाले तेव्हा सगळ्या दुकानांचे दैव एकदमच ठरले. त्याच दिवशी टॉइज आर अस या खेळण्यांच्या प्रचंड दुकानांचेही इंग्लंडात तेच झाले. कोणी विकत घेणारा पुढे येतो का ते पाहिले गेले, कोणी आला नाही. त्या वर्षीच्या जूनपर्यंत सगळी दुकाने मिटली आणि दोन हजारांहून अधिक माणसांची नोकरी गेली.

कारणे पुष्कळ सांगितली गेली. २०१६ च्या जूनमध्ये युरोपच्या संघातून बाहेर पडण्याचा कौल इंग्रजांनी दिला आणि पौंड घसरला. परदेशातून आणलेला माल महागला. लोकांनी हात आखडला. तिसरे कारण मात्र थोडे समजून घेण्यासारखे आहे, कारण आमच्यासारख्या पगारदाराला ते ठाऊक नसते. मोठे दुकान माल उधारीवर घेते. पुरवठादार उधार देतो तो आपले पैसे बुडाले तर भरून मिळावेत असा विमा उतरवून. दुकानाची प्रकृती बरी दिसत नाही म्हणून विमेवाल्याने हात काढून घेतला की पुरवठादार म्हणतो, रोख मोजा. आणि इतकी रोकड हातात असती तर प्रश्नच नव्हता. विमा जातो, मग उधारी, मग फळीवरचा माल, मग गिऱ्हाईक. आजाऱ्याचे अन्न तो आजारी आहे म्हणूनच तोडावे, असा हा प्रकार. मॅप्लिनच्या प्रमुखांनी जी कारणे दिली त्यांत हे एक होते. दरम्यान कंपनीचे मालकही बदलत आले होते. २००४ साली ती २४ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली होती. २०१४ साली दुसऱ्याने घेतली तेव्हा किंमत साडेआठ कोटी. दहा वर्षांत दोन तृतीयांश मोल उतरले म्हणजे दुखणे पौंड घसरण्याच्या बरेच आधीचे होते.

ते दुखणे कोणते, याविषयी भाच्याचे आणि आमचे फोनवर पुष्कळ बोलणे झाले. रेझिस्टर ही काही पेनीला मिळणारी वस्तू. असे हजारो प्रकार बाळगायचे, एकेक वर्षातून चार वेळा खपणार, आणि भाडे मात्र भर बाजारपेठेतले. हे गणित कधीच जमणारे नव्हते. ते जमविण्यासाठी दुकानात हळूहळू तयार वस्तू आल्या: दूरध्वनी, रंगीबेरंगी दिवे, उडती खेळण्यांची विमाने, संगणकाच्या तारा. भागांचे खण मागच्या भिंतीकडे सरकले. पण तयार वस्तू तर संगणकावर सगळ्यांकडेच मिळते, आणि तिथे ती स्वस्त. त्या दुकानांतल्या तारा महाग असतात ही तक्रार तिकडे सर्वतोमुखी होती. इकडे यंत्रेही बदलली. भाग तिळाएवढे झाले, यंत्राने चिकटविलेले. घरच्या सळईने ते निघत नाहीत आणि बसतही नाहीत. बिघडले की फेकावे, असाच मामला.

गंमत अशी, की हौस मात्र मेलेली नव्हती. २०१२ साली रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या आकाराचा संगणक तिकडे निघाला आणि पोरे पुन्हा तारा जोडू लागली. मॅप्लिनही तो विकत असे. पण ही नवी पोरे भाग टपालाने मागवीत, म्हणजे १९७२ साली त्या तिघांनी जे सुरू केले होते तेच, फक्त दुसऱ्याकडून. भाचाही बरेचसे तसेच मागवी.

कॉमेट नावाच्या आणखी एका दुकानाची हकीकत त्याने सांगितली ती आम्हाला अधिक चटका लावून गेली. १९३३ साली हल या बंदराच्या शहरात ते निघाले तेव्हा त्याचे काम लोकांच्या रेडिओच्या बॅटऱ्या भारून देण्याचे होते. घरात वीज नसलेल्या माणसाचा रेडिओ बोलता राहावा, म्हणून दुकान. पुढे त्याचे दूरचित्रवाणी संच, धुलाईयंत्रे यांचे अवाढव्य भांडार झाले. २०१२ च्या फेब्रुवारीत मालकांनी ते नाममात्र दोन पौंडांना देऊन टाकले आणि त्याच डिसेंबरात ते मिटले. सहा हजारांहून अधिक माणसे घरी बसली. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी ज्या भावात देते त्याहून फार दूर नव्हे अशा भावात २०० हून अधिक दुकाने!

मॅप्लिनच्या अखेरच्या आठवड्यांत भाचा आपल्या मुलीला घेऊन तिथे गेला होता. सवलतीच्या पाट्या लागलेल्या. विमाने, दिवे केव्हाच गेलेले. मालाबरोबर फळ्यासुद्धा विक्रीला होत्या. मागच्या भिंतीशी मात्र तीनचार म्हातारी माणसे खण ओढून ओढून निवांत भाग वेचीत होती, आणि हिरव्या खुणेची पट्टी लावलेला एक पोरगेला नोकर त्यांतल्या एकाला विचारत होता, "हा तुम्ही कुठं वापरणार?" त्याची नोकरी आठदहा दिवसांत जाणार होती. "मामा, तो विकत नव्हता हो, खरंच विचारत होता," असे भाचा म्हणाला, आणि फोनवर थोडा वेळ गप्प राहिला. अण्णा २००९ सालीच गेले. त्यांच्या जागी आता मोबाईलची आवरणे मिळतात.

त्या दिवशी भाच्याने जी पेटी घेतली ती डिसेंबरात सुट्टीवर येताना त्याने आमच्यासाठी आणली. त्याला वाटले असेल मामा माळ्यावरचा रेडिओ काढतील. आम्ही ती शाळेत नेली. आमच्याकडे विज्ञानाचे शिक्षक बदलून गेले ते गेलेच. जागा दीर्घकाळ रिकामी राहिली, आणि जे तात्पुरते येत त्यांना अभ्यासक्रम संपविण्याचीच घाई. काही भाग्यवान शाळांना सरकारी योजनेतून तयार संच मिळाले आहेत. आमच्या वाट्याला ते आलेले नाहीत. तेव्हा शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर मुख्याध्यापकच टेबलामागे बसतो. संधी-समास शिकविणाऱ्या माणसाने ओहमचा नियम सांगायचा हे आमच्या सहकाऱ्यांना विनोदी वाटते. आम्हालाही कधीकधी वाटते.

नववीतली एक मुलगी आली. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर छोटा तांबडा दिवा लावायचा होता. तिचे दोन दिवे आधी जळाले होते. "सर, रेझिस्टर द्या." कशाला हवा ते विचारले. दिव्याला दोन व्होल्ट पुरतात, उरलेले सात कुठे जाणार, दिव्यातून २० मिलिअँपिअरच जावेत तर अडथळा किती, असे करत करत ती स्वतःच ३५० ओहमवर आली. त्या मापाचा आमच्याकडे नव्हता. मग वरचा घ्यायचा की खालचा? ती पाच मिनिटे उभी होती. "वरचा, सर. दिवा मंद लागेल, पण जळणार नाही." नारिंगी, पांढरा, तपकिरी अशा पट्ट्यांचा ३९० तिने स्वतःच खणातून शोधला. दिवा लागला. गावात भाग मिळत नाही असे नाही. संगणकावर दोन दिवसांत घरपोच येतो आणि स्वस्तही येतो. पण तिथे तिने ३५० मागितला असता तर तो नाही एवढेच कळले असते, आणि ती पाच मिनिटे तिला कोणी दिली असती?

इंग्लंडात २०२१ च्या जुलैपासून असा कायदा आहे, की धुलाईयंत्रे, शीतकपाटे, दूरचित्रवाणी संच वगैरेंच्या कारखानदारांनी सुटे भाग काही वर्षे उपलब्ध ठेवलेच पाहिजेत. त्यांतले पुष्कळसे भाग मात्र फक्त व्यावसायिक कारागिरांनाच मिळतात. भाचा आता महिन्यातून एकदा एका सभागृहात जातो. तिथे शेजारपाजारचे लोक आपले बिघडलेले पंखे, टोस्टर घेऊन येतात आणि जाणकार मंडळी त्यांच्यासमोर ते उघडून दुरुस्त करतात, पैसे घेत नाहीत. ही पद्धत २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली म्हणे. तिथे एक वयस्क गृहस्थ मॅप्लिनची जुनी यादी अजून जवळ बाळगतात. माल मागविता येत नाही, पण कोणता भाग कशाच्या जागी चालेल ते तिच्यात सापडते.

आमच्या पेटीतले १,००० ओहमचे रेझिस्टर, म्हणजे तपकिरी, काळा, तांबडा, गेल्या महिन्यात संपले. मागविले तर शंभरांचीच पुडी येते, आणि शाळेच्या किरकोळ खर्चात हे कोणत्या सदराखाली टाकावे असा प्रश्न लेखनिकाने केला. खडूच्या खाली टाका म्हटले. आमच्या निवृत्तीला अजून दोन वर्षे आहेत. पुडी तेवढी पुरेल. त्या मुलीने खणांवरच्या इंग्रजी खुणांखाली मराठीत मापे लिहायला घेतली आहेत, आणि परवा आठवीतला एक मुलगा भाग मागायला आला तेव्हा आम्ही तोंड उघडण्याच्या आत तिनेच त्याला विचारले, "कशाला पायजे?"