दहा दगडांचा हिशेब

वाईला जायचे म्हणजे आमच्या घरी दोन वस्तू आधी गाडीत जातात : सौ.चा दशम्यांचा डबा आणि अप्पांची वही. अप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या जुन्या जीपने १९९१ सालापासून केलेला प्रत्येक प्रवास त्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत नोंदलेला आहे. निघतानाचा मीटर, पोचल्यावरचा मीटर, पेट्रोल किती, आणि शेवटच्या रकान्यात लिटरला पडलेले किलोमीटर. हा शेवटचा रकाना अप्पा वैद्याने नाडी पाहावी तसा पाहतात. पंचवीस वर्षे तो अकराच्या आसपास ठेका धरून होता.

२०१६ च्या पावसाळ्यानंतर तो एकाएकी साडेदहाच्याही खाली उतरला. एकदा नव्हे, सलग चार खेपा. एका संध्याकाळी वही मिटून अप्पा म्हणाले, "अरे, गाडी काढून टाकू या आता. तिचंही वय झालं."

त्यातला 'ही' मला झोंबला. अप्पांना शहात्तरावे लागले होते आणि घाटात त्यांनी गाडी चालवू नये असे आम्ही सर्वांनी मिळून, म्हणजे त्यांना न विचारता, नुकतेच ठरवले होते.

खरे म्हणजे मला त्याच वेळी शंका यायला हवी होती. जूनमध्ये टायर बदलून आणले होते ते मी. दुकानदाराने जुन्यांच्या जागी जरा मोठे, रुबाबदार टायर दाखवले. 'बसतात, साहेब' म्हणाला, आणि ते बसलेही. जीप दोन बोटे उंच झाली. मुले खूश झाली. काटा थोडा कमी वेग दाखवतो एवढे मात्र माझ्या ध्यानात आले, मोबाइलवरच्या आकड्याशी ताडून. तेव्हा कोपऱ्यावरच्या एका मिस्त्रीने काच काढली, काटा उपसला, थोडा पुढे सरकवून बसवला आणि शंभर रुपये घेतले. यातले मी घरी काही बोललो नाही.

दसरा झाल्यावर वाईला निघालो. कात्रजचा बोगदा मागे पडला, खेड शिवापूर गेले, नीरेचा पूल ओलांडून शिरवळला चहा झाला. तिथे अप्पांनी पहिली चोरी पकडली. "गाडी उभी आहे, आणि काटा तीनवर कसा?" मी चहाकडे पाहू लागलो.

खंबाटकीचा घाट चढून उतरलो की सुरूरच्या फाट्याला वाईचा रस्ता उजवीकडे फुटतो. अप्पा म्हणाले, "वळू नकोस. सरळ पाचवडपर्यंत चल, तिथून वाईला जाऊ. मला दगड मोजायचेत." मोबाइल त्यांना वर्ज्य नाही, पण साक्षीला दगडच हवा. एका दगडापाशी त्यांनी घड्याळ पाहिले, मीटर लिहून घेतला आणि मला काटा साठवर धरून ठेवायला सांगितले. दहा दगड गेले. लागली बरोबर दहा मिनिटे. म्हणजे काटा खरा. पण मीटरचे आकडे सरकले होते फक्त साडेनऊ!

"काटा खरं बोलतो आणि आकडे खोटं," अप्पा म्हणाले. "दोघांना एकच केबल फिरवते. मग कोणी तरी काट्याला शिकवलंय."

मी कबूल झालो.

वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर, कृष्णेत पाय सोडून, अप्पांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. जुने टायर २०५/७० आर १५ : रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, आणि आतली रिम १५ इंची. सारे मिळून व्यास ६६८ मिलिमीटर. नवे २१५/७५ आर १५, त्यांचा ७०३ च्या वर. फरक शेकडा पाच आणि थोडे. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त वाट चालते. मीटरला बिचाऱ्याला मात्र फेरेच तेवढे कळतात.

पहिल्या शतकापूर्वीच्या रोमन व्हिट्रुव्हियसने अशाच एका गाड्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. चाकाचे ठरावीक फेरे झाले, की एक खडा खाली भांड्यात पडे. खडे मोजले की मैल कळत. त्याचीही भिस्त चाकाच्या व्यासावरच. आमच्या मीटरमधला वेगाचा भाग पुष्कळ अलीकडचा. ऑटो शुल्त्से या जर्मन माणसाने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. केबल एक चुंबक फिरवते, चुंबक शेजारची अॅल्युमिनियमची वाटी न शिवता आपल्यामागे ओढू पाहतो, एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते आणि या ओढाताणीत काटा उभा राहतो. आकड्यांची चाके मात्र त्याच केबलीवरून दात्यांनी फिरतात. त्यांना चुंबक नाही, स्प्रिंग नाही, सरकवायला काटाही नाही. आमच्या मिस्त्रीने साठाला काटा खरा केला, पण विसाला तो जास्त दाखवी, ऐंशीला थोडा कमी, आणि अंतर होते तिथेच राहिले.

कमी दाखवणे हे जास्त वाईट. संयुक्त राष्ट्रांच्या मोटारविषयक ३९ व्या नियमात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये असे आहे; थोडे जास्त चालते. साठाचे त्रेसष्ट झाले म्हणून आभाळ कोसळत नाही, हे खरे. पण वळणावर आपण काट्यावर विश्वासून पाय उचलतो.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जीपचेच काम करणारा एक म्हातारा मिस्त्री सापडला. त्याने काट्याला हातही लावण्याआधी विचारले, "टायर कुठला घातला?" मग गाडीखाली शिरून, केबल जिथे गिअरच्या पेटीत जाते तिथले बोटाएवढे दातेरी चक्र काढून आणले. त्याला दाते वीस. डब्यातून हुडकून त्याने एकोणीस दात्यांचे बसवले. एक दाता कमी, म्हणून केबल तेवढी जास्त फिरणार : वीस भागिले एकोणीस, शेकडा सव्वापाच. अप्पांनी तिथेच भागाकार करून मिस्त्रीला दाखवला. तो म्हणाला, "काका, मला हिशेब नाही येत, दाता कळतो." शेवटी काटा शून्यावर परत बसवला आणि आमची टाकी भरून आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर पुन्हा दहा दगड. मीटर दहा, काटा साठावर, दहा मिनिटे. अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी जूनपासूनच्या चार नोंदींसमोर तांबड्या शाईने नवे आकडे घातले. चारही अकराला जाऊन बसले. समासात लिहिले, 'टायर बदलले.' कोणी, ते लिहिले नाही.

सुरूरला मी गाडी कडेला घेतली, उतरलो आणि पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. अप्पांनी माझ्याकडे पाहिले, मग सौ.कडे. ती मागे सरकून डबा नीट करू लागली.

पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागला आणि तो संपल्याबरोबर ते नागमोडी वळण, जिथे कितीतरी गाड्या उलटल्या आहेत. वेगमर्यादेची पाटी दिसली. अप्पांनी एकदा काट्याकडे पाहिले, गिअर उतरवला आणि काटा पाटीच्या खाली आणून वळण घेतले. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. त्यांनी त्याला वाजवू दिला.

शिरवळला पुन्हा पेट्रोल घातले. वही माझ्या मांडीवर होती. ५९ किलोमीटर, ५.४ लिटर. मी भागाकार करून सांगितले, "दहा पूर्णांक नऊ."

"चढ होता," अप्पा म्हणाले, आणि किल्ली फिरवली.