विझणाऱ्या ठिपक्यांचा हिशेब

रिसेप्टर म्हणजे पेशीपटलात रुतून बसलेलं प्रथिन. बाहेरचा निरोप ते पेशीच्या आत पोचवतं. हे काम ते एकट्यानं करतं की जोडीनं? लाखो रेणूंची सरासरी काढून याचं उत्तर मिळत नाही. दहांतले काही कायम जोडीनं राहत असतील, किंवा सगळेच घटकाभर जुळून सुटत असतील. सरासरी दोन्हीकडे तीच. म्हणून आम्ही रेणू एकेकटा बघतो. २०१० साली लंडनच्या मिल हिलमधल्या संशोधकांनी एम-वन मस्कॅरिनिक रिसेप्टर असेच बघितले. कुठल्याही क्षणी सुमारे ३० टक्के जोडीत होते, आणि जोडी टिकत होती जेमतेम अर्धा सेकंद!

यासाठी लेसर काचेवर इतका तिरका सोडतात, की पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन तो माघारी फिरतो. काचेपलीकडे शंभरेक नॅनोमीटरचा थर तेवढा उजळतो. काचेला चिकटलेलं पटल दिसतं, बाकी पेशी अंधारात राहते. कव्हरस्लिपवर कणभर मळ राहिला, तरी तोही रेणूसारखा चमकतो. त्यामुळे काच धुण्यात मी घाई करू देत नाही.

मग रेणूच्या एका चमकत्या ठिपक्यावर नजर ठेवायची. त्याची चमक मंदावत जात नाही, पायरी उतरल्यासारखी एकदम खाली येते. एक पायरी म्हणजे रिसेप्टरच्या एका घटकाला जोडलेलं एक चमकणारं प्रथिन, म्हणजे जीएफपी, कायमचं विझलं. २००७ मध्ये बर्कलीच्या उलब्रिख आणि आयझॅकॉफ यांनी बेडकाच्या अंडपेशींवर या पायऱ्या मोजून पटलातल्या प्रथिनांचे घटक मोजून दाखवले.

इथे एक मेख आहे. सगळीच जीएफपी उजळत नाहीत. ८० टक्के उजळतात असं धरलं, तर चार घटकांच्या रिसेप्टरमध्ये चार पायऱ्या ४१ टक्के वेळा दिसतात, आणि तीन पायऱ्याही ४१ टक्केच वेळा. नव्या विद्यार्थ्याला वाटतं, दोन तऱ्हांचे रिसेप्टर सापडले. तऱ्हा एकच असते. या ठिपक्यांपैकी निम्म्यांत एक घटक आधीपासूनच अंधारात असतो.

म्हणून कुठला ठिपका घ्यायचा आणि कुठला सोडायचा, याचे नियम आम्ही मोजणीआधी लिहून ठेवतो. नमुना कोणता, हे मोजणाऱ्याला सांगत नाही. तीन पायऱ्यांचे ठिपके गाळले तर आलेख देखणा होतो, पण चौथ्या घटकाचा हिशेब त्या तिनांशिवाय जुळत नाही. ते ठिपके मी कुणालाही टाकू देत नाही.