झेंडूच्या शेजारचा गुलाब

आमच्या घरापुढे बाग म्हणावी अशी बाग नाही. मोरीचे पाणी जिथवर पोचते, तिथवर आईचे राज्य : पाच-सहा वांगी, एक अबोली आणि झेंडूच झेंडू. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते आणि दसऱ्याला तालुक्याच्या बाजारात झेंडूच्या माळा विकते.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मैत्रिणींबरोबर मी त्याच रस्त्याने चालले होते. आईने हाक मारली. "कोण गं त्या?" एकीने विचारले.

"आमच्या गावच्या आहेत."

खोटे नव्हते, पण खरे तरी होते का?

पुढच्याच आठवड्यात शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी गुलाबाचे कलम आणले. शिकलेल्या मुलीच्या दारी गुलाब हवा! वांग्यांच्या वाफ्यातला झेंडू उपटून फेकला आणि तिथे तो लावला. आई काही बोलली नाही.

रोपवाटिकेतल्या माळ्याने सांगितलेले सारे केले. शेणखत घातले, सकाळी बुडाशी पाणी दिले, डोळा भरलेल्या जागेखालून येणारे रानटी फुटवे खुडले. तरी चैत्रापर्यंत पाने पिवळी पडली, कळ्या जागीच वाळल्या. कृषी पदविकेला असलेल्या मामेभावाने बुंध्याशी उकरून पाहिले. मुळांवर बारीक गाठी होत्या.

"सूत्रकृमी," तो म्हणाला. "वांग्याच्या जमिनीत ते वाढतात. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने कमी होतात. इथे झेंडू लावत नाही का तुम्ही?"

मी आईकडे पाहिले. ती चुलीतले लाकूड पुढे सारत होती. तिने मान वर केली नाही.

पहिल्या पावसाला आईने एक फडके सोडले. मी उपटून फेकलेल्या झाडांचीच फुले तिने वाळवून बांधून ठेवली होती! ती कुस्करून तिने गुलाबाभोवती बी टाकले. कुणाच्या व्याख्यानाला न बसता ती वांग्यांत झेंडू लावत आली होती. भाद्रपदात गुलाबाला तांबूस पालवी फुटली आणि एक फूल आले. लहानच, पण आले.

यंदाच्या दसऱ्याला मी पाटीमागे आईशेजारी बसले. तीच मैत्रीण माळ घ्यायला आली.

"ही माझी आई," मी म्हणाले.

आईने माळ दिली आणि वर चार फुले जास्त घातली.