पैठणी कुठल्या खान्यात ठेवायची?

‘इतर’ हा सगळ्यात डेंजर शब्द आहे, बॉस! पटत नाही? तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘न्यू फोल्डर’ नावाचं जे काही आहे ना, ते उघडून बघा. मागच्या दिवाळीचे फोटो, अप्रेझलचा फॉर्म, कुणाचा तरी बायोडाटा... सगळे सुखाने नांदताहेत. फक्त हवं तेव्हा काही सापडत नाही. आता कल्पना करा, त्या फोल्डरमध्ये फाइल्सऐवजी साड्या आहेत. आणि एकेकीची किंमत तुमच्या महिन्याच्या पगाराएवढी!

माझ्या मामाचं गुलमंडीजवळ साड्यांचं दुकान आहे. मी मासकॉम केलेली, फ्रीलान्सिंग करणारी, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘सध्या रिकामीच’. त्यामुळे दुकानाचा माल टॅलीत नव्याने लावायचं ठरलं, तेव्हा फोन मलाच आला. ‘दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस ना गं? मग ये की इकडे!’ झालं. डिग्री सार्थकी लागली.

घाईचं कारण होतं. दुकानातले सगळ्यात जुने सेल्समन, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, ते दिवाळीनंतर काम सोडणार होते. कुठल्या कपाटात काय आहे, हे फक्त त्यांच्या डोक्यात. त्यात पुण्याच्या आयटीतल्या माझ्या मामेभावाने वीकेंडला येऊन रिपोर्ट काढला आणि निकाल देऊन टाकला, ‘पप्पा, ‘इतर’मध्ये पैसा अडकलाय. हा माल हलतच नाही. पुढची ऑर्डर बंद करा.’

आधीची यादी कुणीतरी घाईत केली होती. कॉटन, सिल्क, फॅन्सी आणि इतर. बस्स, चार खाने. हातमागाच्या पैठण्या, हिमरूच्या शाली, मशरूचे तागे, डाग पडलेले जुने पीस, जे जे अडलं ते ते ‘इतर’मध्ये. म्हणजे ऑर्डर बंद करायची ती कुणाची? पैठणच्या विणकराची. ज्याच्या घराशी आजोबांपासूनचा व्यवहार आहे त्याची. मामा गप्प बसला. रिपोर्टशी भांडणार कोण?

मला वाटलं, सोप्पं आहे. सरकारनेच जगातल्या सगळ्या वस्तूंचे खाने पाडून ठेवलेत की! बिलावर तो एचएसएन कोड असतो ना, तोच. ही पद्धत जागतिक सीमाशुल्क संघटनेची, १९८८ पासून लागू झालेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा कोड आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचला. रेशमी कापड म्हणजे ५००७. फाइन! पण हिमरू? त्यात ताणा सुती आणि बाणा रेशमी. मिश्र कापडाचा नियम म्हणतो, जे सूत वजनाने जास्त, त्याच्या खात्यात जा. म्हणजे आपल्या शहराची शान ठरलेला हिमरू कधी रेशीम, कधी चक्क कॉटन! मशरूची तर वेगळीच गंमत. वर रेशीम, अंगाला लागतं ते सूत. शुद्ध रेशीम निषिद्ध मानणाऱ्यांना ते चालायचं, म्हणूनच तर नाव मशरू, म्हणजे ‘परवानगी असलेलं’.

आणि पैठणीचं काय? ५००७ या चार आकड्यांत हातमाग की यंत्रमाग हे कळतच नाही. सिल्क मार्कचं लेबलही रेशमाच्या शुद्धतेची खात्री देतं, मागाची नाही. करासाठी कोड बरोबरच आहे हो. पण मामाला पडलेला प्रश्न कराचा नव्हताच.

शेवटी मी लॅपटॉप उचलला आणि गादीवर चाचांच्या शेजारी बसकण मारली. ‘चाचा, ही कुठे लिहू?’ त्यांनी पदर उलटा केला. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ, एक धागा लोंबत नाही. ‘ये हाथ की.’ दुसरी उलटली. मागे धाग्यांचं जंगल. ‘ये मशीन की.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘कपडा मत देखो बेटा. मांगनेवाला क्या पूछता है, वो लिखो.’

क्या बात है! कन्सल्टंटने याचे लाखभर घेतले असते.

टॅलीत दोन सोयी असतात. स्टॉक ग्रुप म्हणजे खानदान. साडी, तिच्या पोटात सिल्क, त्याच्या पोटात पैठणी. एका वस्तूला घर एकच. स्टॉक कॅटेगरी मात्र आडवी जाते, म्हणजे घर कुठलंही असो, एकसारखा गुण असलेला माल एकत्र दिसतो. पण तीही एका वस्तूला एकच मिळते. त्यामुळे प्रश्न निवडून विचारावा लागतो. रंग? भाव? आम्ही निवडला माग. हातमाग, यंत्रमाग. पैठणी असो की हिमरू, हा शिक्का हवाच. सेमी पैठणी आणि हाताची पैठणी एका ओळीत बसली, की स्वस्त आणि भरभर खपणारी जिंकणार, हे ठरलेलंच.

बाकीचं नावात घातलं. राघू म्हणजे पोपटी, शिरोदक म्हणजे पांढरी, काळी चंद्रकला म्हणजे लाल काठाची काळी. वर मुनिया, बांगडी मोर, असावली ही नक्षीची नावं. चाचा एकेक साडी उलगडत सांगत गेले, मी टाइप करत गेले. त्यांची खास टोपणनावं ‘अलायस’च्या रकान्यात टाकली, म्हणजे उद्या नव्या पोराने कुठलंही नाव मारलं तरी साडी सापडणार. कपाटं आणि पेट्या झाल्या ‘गोडाऊन’. डागाळलेल्या पीसना त्यांचा स्वतःचा खाना दिला. ‘इतर’ डिलीट! तीन संध्याकाळी गेल्या, चहा किती झाला विचारू नका.

खरी गोष्ट मात्र पुढेच आहे. हाताच्या पैठण्या वेगळ्या काढल्यावरही त्या हळूच खपत होत्या. भाऊ चुकीचं बोलला नव्हता. पण चाचा म्हणाले, ‘वो अकेली कब जाती है? बस्ते में जाती है.’ बस्ता! मराठवाड्यात लग्न ठरलं की अख्खं खानदान दुकानात उतरतं आणि नवरीपासून मावशी-आत्यांपर्यंत सगळ्यांची खरेदी एका बैठकीत होते. मग मागच्या सीझनची बिलं काढली. जिथे जिथे हातमागाची पैठणी होती, तिथे तिच्याखाली साड्यांची रांगच रांग. लोक नवरीच्या पैठणीसाठी पायरी चढत होते आणि बाकीचा बस्ता तिथेच बांधत होते.

भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बराच वेळ स्क्रीनकडे बघून तो म्हणाला, ‘हे आधी का नाही कुणी सांगितलं?’

चाचा साडीची घडी घालता घालता म्हणाले, ‘किसी ने पूछा?’

मामाने त्याच रात्री पैठणला फोन लावला. ऑर्डर गेल्या वर्षीपेक्षा दोन साड्यांनी कमी दिली, कारण पैसा खरोखरच अडकतो. पण दिली. पहिली काळी चंद्रकला, बांगडी मोराची. फोन ठेवून मला म्हणाला, ‘लिहून ठेव गं, तुझ्या त्या खान्यात.’