कोनी गाडी शे?

धुळ्यात वाढलेल्या पोराला आग्रा रोड वेगळा दाखवावा लागत नाही. इंदूरकडून येऊन तो मालेगाव-नाशिककडे जातो, आणि नागपूर-सुरत रस्ता त्याला इथेच छेदतो. त्यामुळे ढाबेवाले, टायरवाले, पाटेवाले, वेल्डर यांची धुळ्याला कधी वाण पडली नाही. वडिलांचं गॅरेज याच रस्त्याला होतं. लळिंगचा घाट उतरून आलेला ट्रक आवारात शिरला की ब्रेक किती तापलेत, हे वासावरून कळायचं. दारात अनोळखी मोटार लागली की आजी ओट्यावरून अहिराणीत विचारायची, "कोनी गाडी शे?" म्हणजे, गाडी कोणाची? ती कुठली, किती पळते, याच्याशी तिला देणंघेणं नसे.

डिसेंबर १९६८ मध्ये लंडन-सिडनी मॅरेथॉन या मोटारशर्यतीच्या गाड्या या रस्त्याने गेल्या. लंडनहून ९८ निघाल्या होत्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान तुडवत त्यांतल्या ७२ मुंबईत पोचल्या आणि 'चुसान' बोटीतून ऑस्ट्रेलियाला गेल्या. मी लहान होतो. वडिलांच्या खांद्यावरून माणसांची डोकी, धूळ आणि एका दारावरचा मोठा आकडा दिसला, एवढंच आठवतं. गॅरेजातल्या मिस्त्रींना मात्र पुढे कित्येक वर्षं एकच विषय पुरला: बंपरच्या पुढे ठोकलेले ते लोखंडी दांडे कशासाठी? ऑस्ट्रेलियात कांगारू आडवं येतं, हे कोणीतरी सांगितलं तेव्हा एक मिस्त्री म्हणाला, आपल्याकडच्या म्हशीला हे पुरायचे नाहीत.

मॅरेथॉन जिंकली अँड्र्यू कोवनच्या हिलमन हंटरने. हा कोवन स्कॉटलंडमधला शेतकरी होता, हे मला खूप नंतर कळलं. जळगावला नोकरीत असताना रद्दीच्या दुकानात जुनी इंग्रजी मोटारमासिकं किलोवर मिळायची. घरी आणली की बायको म्हणायची, गाडी घ्यायची ऐपत नाही आणि कागद घेताय. त्या गठ्ठ्यात कोवनचा गाववाला दोस्त जिम क्लार्क सापडला, आणि माझ्यापुरता कोवन मागे पडला.

क्लार्क फॉर्म्युला वनचा दोन वेळचा जगज्जेता, १९६३ आणि १९६५चा. पण मला त्याची सुरुवात जास्त धरून ठेवते. चार बहिणींच्या पाठीवर झालेला एकुलता मुलगा, घरी मोठी शेती, मेंढ्या, गुरं. शर्यतीचं नाव घरात चालायचं नाही. जून १९५६ मध्ये तो मित्राबरोबर क्रायमंडला गेला. युद्धकाळातल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिथे हौशी लोकांच्या शर्यती चालत. मित्र इयन स्कॉट-वॉटसन, तोही शेतकरीच. डीकेडब्ल्यू गाडी वॉटसनची, पळायचं होतं वॉटसनला. सरावासाठी म्हणून त्याने क्लार्कला बसवलं, आणि पाहुणा मालकापेक्षा फेरीमागे तीनेक सेकंद कमी वेळात फिरून आला!

आपली गाडी दुसरा आपल्याहून जोरात पळवतो, हे कळल्यावर किल्ली खिशात घालणारे मालक मी गॅरेजात पुष्कळ पाहिलेत. वॉटसनने उलट केलं. पुढे पोर्शे घेतली, तीही क्लार्कच्याच हाती दिली. मग त्याच भागातला गॅरेजवाला जॉक मॅकबेन पुढे झाला. त्याच्या बॉर्डर रीव्हर्स या चमूने १९५८ साली जुनी जॅग्वार डी-टाइप आणली. खरं तर ती नवशिक्याने हात लावायची गाडीच नव्हे. त्या वर्षी पोर्शे आणि जॅग्वार मिळून क्लार्कने १८ शर्यती जिंकल्या. आठवडाभर शेतात, सुटीच्या दिवशी शर्यत. डिसेंबरात ब्रँड्स हॅचला लोटस एलीटमध्ये तो दुसरा आला. पहिला आलेला होता लोटस कंपनीचा मालक कॉलिन चॅपमन. या दुसऱ्या नंबराने त्याचं आयुष्य फिरलं. १९६० मध्ये तो चॅपमनच्या लोटसमधून फॉर्म्युला वनला उतरला. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइमला गाडी झाडांत घुसून तो गेला, वय ३२. कोवन धुळ्यावरून गेला तो त्यानंतर आठ महिन्यांनी. क्लार्कच्या थडग्यावर आधी 'शेतकरी' कोरलंय, जगज्जेता त्याच्या खाली.

आमच्याकडे हात नव्हते असं मी मानत नाही. रावेर-सावद्याहून केळी भरून रात्री बिजासनचा घाट चढणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. दिल्लीच्या बाजारात माल काळा पडायच्या आत पोचवायचा, म्हणजे तीही घड्याळाशीच शर्यत. पण ती गाडी पोटाची. तिचा गिअर तुटला तर घरातली चूल अडते. हौस करायला ठोकली तरी चालेल अशी गाडी लागते, आणि ती बहुधा दुसऱ्याची असते. मद्रासजवळ शोलावरमला अशाच जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे गोंडलचे महाराज पळायचे. मागून कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन बसवून एका माणसाच्या स्वस्त रेसिंग गाड्या बांधल्या आणि पोरांना वाट करून दिली. त्याच फॉर्म्युला मारुतीतून आलेला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनला पोचला. धावपट्टी धुळ्याला गोंदूरलाही आहे. कमी पडला तो करिवर्धन.

शिरपूरकडे राहणारा माझा भाचा हल्ली मातीच्या ट्रॅकवरच्या हौशी शर्यतींना जातो. नाशिकला राष्ट्रीय रॅली व्हायची, ती पाहून लागलेलं हे खूळ. गाडी अर्थातच मित्राची, आतली मागची सीट काढून लोखंडी पिंजरा बसवलेला. मी पिंजऱ्याचे जोड हाताने चाचपून पाहिले. एक वेल्डिंग मला पटलं नाही, ते पुन्हा मारून घ्यायला लावलं. "मामा, तुम्ही येताय का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. ताईला विचारायचं धाडस दोघांनाही नव्हतं, पण गाडी लादायला पिकअप तिच्याच घरची हवी होती. तिने मुकाट्याने किल्ली दिली आणि एवढंच बजावलं की सोमवारी कापूस जिनिंगला न्यायचाय, रविवारी रात्री पिकअप परत आली पाहिजे, डिझेल भरून.