तारनाक्याचा मुक्काम

हैदराबाद शहराच्या पूर्वेस, सिकंदराबादेहून उप्पलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तारनाका नावाची वस्ती आहे. नाव ऐकताच मराठी माणसास ते आपल्याच भाषेतले वाटते. निजामी अमदानीत येथील बागेभोवती तारेचे कुंपण होते व तेथे चौकीचा नाका होता, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. आज तेथे ना ती तार आहे, ना तो नाका. रस्त्याच्या वरून मेट्रो गाडी धावते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत धर्मग्रामातील दहा तरुणांसह आम्ही या भागी गेलो होतो. विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरात, जेथे मुसी नदी उगम पावते, तेथे तीन रात्री तंबूत राहावे व पायी रान हिंडावे, असा बेत होता. परंतु पहिल्याच रात्री एका मुलास हुडहुडी भरली. दोन घोंगड्या घातल्या तरी त्याचे दात वाजायचे थांबेनात. पहाटे घाम सुटून ताप उतरला, तेव्हा इतरांस वाटले की संकट टळले. तरीही आम्ही तंबू उतरविले व त्यास तारनाक्यास एका परिचित कुटुंबाच्या घरी आणले. रक्त तपासता हिवताप निघाला.

मुले म्हणू लागली, "फादर, रानाचे पाणी बाधले." डॉक्टरांनी मान हलविली. डास चावल्यावर ताप दिसावयास बहुधा १० ते १५ दिवस लागतात आणि आम्हास घर सोडून चारच दिवस झाले होते. तेव्हा बिचाऱ्या रानाचा काही दोष नव्हता. ताप आम्ही गावाहूनच बरोबर आणला होता!

पुढील पाच दिवस तारनाक्यातच गेले. रुग्णापाशी पाळीपाळीने दोघे बसत व बाकीचे परिसर पाहून येत. जवळच १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ आहे. तेथील आर्ट्स कॉलेजची भव्य दगडी इमारत १९३९ सालची. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्या काळी तिकडची कित्येक मराठी मुले येथेच शिकली. शेजारीच राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचे कार्य १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे सुरू झाले व १९५८ मध्ये ती हैदराबादेस आली.

एके दिवशी मेट्रोने आम्ही बेगमपेटेस गेलो. हिवतापाचे कोडे जेथे सुटले, ती इमारत तेथे आहे. लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस १८९७ च्या उन्हाळ्यात या तापाचा शोध घेण्यास उटकमंडजवळच्या सिगूर घाटात गेले, तो त्यांनाच हिवतापाने गाठले. बरे होऊन ते सिकंदराबादेस परतले व पुन्हा सूक्ष्मदर्शकापुढे बसले. वाऱ्याने डास उडतात म्हणून भर उकाड्यातही पंखा चालवावयाचा नाही. कपाळावरच्या घामाने यंत्राचे स्क्रू गंजले. हुसेन खान नावाच्या रुग्णाने एका डासामागे १ आणा घेऊन स्वतःस चावून घेतले. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी त्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाचे नावही आम्हास तितकेच स्मरणीय वाटते.

प्रिय वाचकहो, आमचा मुलगा बरा झाला. थंडी गेली म्हणजे औषध सोडावयाचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. काही जंतू यकृतात दडून बसतात व महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. म्हणून १४ दिवसांच्या गोळ्या त्याने घरी येऊन पूर्ण केल्या.

आता पाहावयाचे ते आपल्या अंगणात. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून पिंप, हौद, गुरांची दोण आठवड्यातून एकदा कोरडी करावी, टाकीवर झाकण असावे, आणि विहिरीत व बावखलात गप्पी मासे सोडावेत. थंडी वाजून ताप आला तर काढ्यावर दिवस न घालविता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी विनामूल्य होते.

अनंतगिरीचे डोंगर कोठे जात नाहीत. पुढील सुटीत तेच दहा जण तेथे पुन्हा जाणार आहेत. तत्पूर्वी प्रत्येकाने आपापल्या घरचे साचलेले पाणी काढावे, असे त्यांनीच ठरविले आहे.