तांबोशीचं माहेर

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात एक ठरलेला प्रश्न असतो, ‘वीकएंडला काय करतोयस?’ उत्तरंही ठरलेलीच. कोणी लोणावळा, कोणी मॉल, कोणी ‘झोपणार रे, बास!’ माझं उत्तर ऐकलं की समोरचा आधी हसतो आणि मग खुर्ची ओढून बसतो. मी बोटीने समुद्रात जातो आणि रबराच्या माशाने खरा मासा पकडतो.

‘रबराच्या? आणि मासा फसतो?’

फसतो. रोज नाही, पण फसतो. या प्रकाराला अँगलर मंडळी ‘सॉफ्ट प्लास्टिक’ म्हणतात. बोटभर लांबीचा, जेलीसारखा लुसलुशीत नकली मासा. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी. पाण्यात ओढला की ती डावी-उजवीकडे थरथरते, अगदी घाबरलेल्या पिल्लासारखी. पुढे शिशाचं डोकं असलेला गळ, म्हणजे ‘जिग हेड’. १९४९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम नावाच्या गृहस्थाने घरच्या घरी प्लास्टिक वितळवून मऊ गांडूळ बनवलं, आणि तिथून ही वस्तू जगभर पसरली. आपल्याकडेही आता ऑनलाइन ऑर्डर केली की दोन दिवसांत हा रबरी मासा दारात हजर.

वास येणारी कोळंबी नको, हात बरबटायला नकोत, सोमवारी मीटिंगमध्ये शेजारच्याने नाक मुरडायला नको. आमच्यासारख्या नोकरदारांना हा प्रकार आवडण्याचं पहिलं कारण हेच! पण खरी गंमत वेगळी आहे. आमिष लावलेल्या गळावर वास काम करतो, तुम्ही नुसते बसून असता. रबराला ना वास, ना चव. त्यात जीव आणायचा तो तुमच्या मनगटाने.

माझं टार्गेट एकच, तांबोशी. इंग्रजी मेन्यू कार्डावर ती ‘रेड स्नॅपर’ होते आणि लगेच महागते. गोव्यात तिला तामसो म्हणतात. तांबूस अंग, रुंद खवले, जबड्यात पुढे कुत्र्यासारखे सुळे. तांबोशी हा दबा धरणारा मासा आहे. खडकाच्या कपारीत बसून राहते, समोरून काही गेलं की झडप घालते आणि त्याच क्षणी कपारीकडे वळते. म्हणून तिच्याशी झगडा असतो तो पहिल्या पाच सेकंदांचा. तेवढ्यात तिचं तोंड वर वळवलंत तर मासा तुमचा. नाही तर दोरी खडकाला घासते, ‘टण्’ असा आवाज येतो आणि हातात उरतो नुसता रॉड!

पनवेलला राहणाऱ्याला समुद्र तसा लांब नाही. पहाटे साडेचारला निघायचं, बंदराच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर चुकवत उरण, तिथून पुढे करंजा. आमच्या ऑफिसातला एक मित्र, मी आणि बोटीचे नाखवा. नाखव्यांचं अख्खं आयुष्य या पाण्यावर गेलंय. पहिल्यांदा त्यांनी माझा डबा उघडून आतले हिरवे-गुलाबी मासे पाहिले तेव्हा म्हणाले, ‘पोरा, खेलनी आनलीस काय? मावरा काय येडा हाय?’

मी काही बोललो नाही. मीही तोवर पुरता कन्व्हिन्स्ड नव्हतो.

कधी जायचं हे मात्र आमचं कॅलेंडर ठरवत नाही, चंद्र ठरवतो. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब साधा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. दुसरं म्हणजे, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा पाणी जोरात धावतं, तळाचा गाळ ढवळतो आणि आपला समुद्र चहासारखा दिसतो. अष्टमीच्या आगेमागे मात्र भांगाची भरती, पाणी शांत आणि त्यातल्या त्यात नितळ. रबरी मासा दिसला तरच तांबोशी येणार, त्यामुळे आमची ट्रिप ठरते ती भांगावर. गुगल कॅलेंडरमध्ये मी आता अष्टम्या मार्क करून ठेवतो. टीम लीडला वाटतं मी धार्मिक झालोय.

करंज्याहून ओहोटीच्या पाण्याबरोबर निघालं की डावीकडे रेवस, मग मांडवा, पुढे किहीम, थळ. दीड-दोन तासांनी समोर खांदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रज आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून हा किल्ला बांधायला घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात खांदेरीही आहे. इतिहासाच्या माणसाला तट दिसतो, बुरूज दिसतात. मला दिसतात ते पाण्याखालचे खडक. कारण खडक म्हणजे कपारी, आणि कपारी म्हणजे तांबोशी.

आता थोडं टेक्निकल, पण घाबरू नका. नाखवा बोट खडकाच्या वरच्या अंगाला घेतात, म्हणजे प्रवाह तुम्हाला खडकाकडे नेतो. तुम्ही रबरी मासा टाकता आणि तो तळाला टेकेपर्यंत दोरी सोडता. टेकला की दोरी ढिली पडते. मग रॉडचं टोक दोन वेळा वर उचलायचं आणि मासा पुन्हा खाली पडू द्यायचा. उचल, पड. उचल, पड. तांबोशी घेते ती बहुतेक वेळा पडताना, त्यामुळे पडतानाही दोरी किंचित ताणलेली हवी. जिग हेडचं वजन पाण्याच्या ओढीवर ठरतं. हलकं घेतलंत तर तळ सापडत नाही, जड घेतलंत तर दर वेळी खडकात अडकतं. मुख्य दोरी विणलेली, बारीक पण मजबूत. तिच्या टोकाला हातभर-दीड हात जाड, पारदर्शक लीडर, कारण ते सुळे आणि ते खडक.

हे सगळं वाचायला दोन मिनिटं लागतात. करताना तासन् तास काहीच घडत नाही. फोनला रेंज येते-जाते. मेल बघावंसं वाटतं आणि बघता येत नाही, कारण एक सेकंद लक्ष गेलं की नेमकी तेव्हाच ‘टक्’!

पौषातल्या अष्टमीच्या त्या रविवारी माझी पहिली ‘टक्’ आली ती साडेनऊच्या सुमारास. रॉड वाकला, पण फारसा नाही. वर आली ती वीतभर तांबोशी. इवलीशी, पण तेवढ्यातही सुळे दाखवणारी. मित्र म्हणाला, ‘फोटो काढ आणि टाक बर्फात, सकाळपासून एवढंच मिळालंय.’ मी नाखव्यांकडे पाहिलं. त्यांनी एकदा माशाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘सोड तिला. आत्ताच खाडीतून भायेर आलीय ती. माहेरची वाट पन विसरली नसंल अजून.’

मी गळ काढला आणि तिला पाण्यात सोडलं. एक वळण घेऊन ती दिसेनाशी झाली. पण नाखव्यांचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. खाडीतून बाहेर आली म्हणजे? तांबोशी तर समुद्रातली ना?

घरी येऊन शोधत बसलो, तर नाखवा शंभर टक्के बरोबर. आपल्या किनाऱ्यावरच्या या तांबोशीचं इंग्रजी नावच ‘मॅन्ग्रोव्ह रेड स्नॅपर’ आहे. मोठ्या तांबोश्या खोल समुद्रात खडकांवर अंडी घालतात. त्यातून निघालेली बारीक पिल्लं भरतीबरोबर किनाऱ्याकडे येतात आणि खाडीत, कांदळवनाच्या मुळांत आसरा घेतात. तिथे मोठे मासे शिरू शकत नाहीत. खायला बारीक कोळंबी, चिंबोऱ्यांची पिल्लं. पाणी कधी खारं, कधी मचूळ, तरी त्यांना चालतं. तिथं अंगापिंडाने भरल्या की त्या हळूहळू बाहेर सरकतात, आधी खाडीचं तोंड, मग किनाऱ्याजवळचे खडक, मग खोल पाणी. स्वतः अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. जन्म दर्यात, पण वाढणं खाडीत. नाखव्यांनी एका शब्दात सांगितलं होतं, माहेर.

आणि हे माहेर कुठलं? तर आपण रोज लोकलच्या खिडकीतून बघतो, तसंच. खारघर सोडलं की मानसरोवर यायच्या आधी गाडी खाडीचं पाणी ओलांडते. दोन्ही बाजूंना हिरवीगार झुडपं, खाली काळा चिखल. शेजारचा प्रवासी नाकाला रुमाल लावतो. ‘दलदल’ म्हणतो, ‘फुकट गेलेली जागा’ म्हणतो. पनवेलला तर एके काळी याच खाडीतून गलबतं यायची, हे बंदर होतं. आज पनवेलकराला खाडी आठवते ती डास चावले की!

या खाडीची अवस्था काय आहे, हे आपण बातम्यांत वाचतो आणि विसरतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत चक्क निळी कुत्री फिरताना दिसली होती, आठवतं? रंगाचं पाणी सोडलेल्या कासाडी नदीत ती शिरली होती. फोटो जगभर व्हायरल झाला, आपणही फॉरवर्ड केला. ती कासाडी वाहत येते ती पनवेलच्या खाडीतच. कुत्रं नदीतून बाहेर येतं म्हणून दिसतं. तांबोशीचं पिल्लू कोणाला दिसणार?

मग बंदर. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं आणि वाढत गेलं. भराव पडले, भरतीच्या वाटा बदलल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरण आणि गव्हाणकडच्या कोळीवाड्यांतल्या १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कारण काय, तर मासेमारीची जागा आणि कांदळवन गेलं. म्हणजे हा काही माझ्यासारख्या हौशी माणसाचा हळवेपणा नाही. खाडी गेली की चूल विझते, हे कागदावर लिहिलं गेलंय.

आता नवा विमानतळ आला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. मी विमानतळाच्या विरोधात घोषणा देणार नाही. क्लायंट मीटिंगला बंगळुरूला जायचं तर पहाटे तीनला उठून सांताक्रूझ गाठण्यापेक्षा हे किती बरं, हे मलाही कळतं. आपल्यातल्या बहुतेकांचं घर, ईएमआय, नोकरी सगळं याच ‘डेव्हलपमेंट’वर उभं आहे. पण म्हणून उरलेल्या कांदळवनाला ‘मोकळा प्लॉट’ समजायचं का? कायदाही तसं म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं तोडण्यावर बंदी आणली आणि २०१८ च्या निकालात ती कायम करताना भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. पांढरी चिप्पी हे तर २०२० पासून आपलं राज्य कांदळवृक्ष! आपल्याला राज्यप्राणी माहीत असतो, राज्यफूल माहीत असतं. ही चिप्पी आपल्या स्टेशनच्या बाजूला उभी आहे आणि आपल्याला नाव माहीत नसतं.

मी काय केलं म्हणाल, तर फार मोठं काही नाही. बोटीवर आता एक मोजपट्टी असते. लहान तांबोशी परत पाण्यात, नो डिस्कशन. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या समुद्री जिवांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, त्यामागचं तत्त्व हेच आहे, की माशाला एकदा तरी अंडी घालू द्या. तुटलेलं, फाटलेलं रबर पाण्यात टाकायचं नाही, डब्यात परत आणायचं. समुद्रात प्लास्टिक सोडून मासे मागणं हा जरा अतीच निर्लज्जपणा झाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा आमचीही सुट्टी. आणि भरावाची डंपर-माती खाडीकडे जाताना दिसली तर फोटो काढून तक्रार करायची. फॉरवर्ड करण्याइतकाच वेळ लागतो.

तुम्हालाही यायचं असेल तर जरूर या. नोंदणी असलेली बोट, अंगावर लाइफ जॅकेट, आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज, एवढं पक्कं करा. पहिल्या ट्रिपला बहुधा काही मिळणार नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा, म्हणजे रात्रीच्या कालवणाची पंचाईत होत नाही.

त्या रविवारी दुपारी ओहोटी संपत आली, पाणी थबकलं, आणि मित्राच्या रॉडला दोन किलोच्या आसपासची तांबोशी लागली. तिनं पाच सेकंदांत त्याचा घाम काढला. तिचं डोकं नाखव्यांना दिलं, कारण कालवणाची खरी चव डोक्यातच, आणि बाकीची आम्ही वाटून घेतली. नाखव्यांनी तो रबरी मासा हातात घेतला, शेपटी हलवून पाहिली आणि म्हणाले, ‘एक ठेवून जा माझ्याकडं.’

मी दोन दिले. एक हिरवा, एक गुलाबी.